गोष्टी शिकविणारे गुरुजी

कोकणच्या किनाऱ्यावर, रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगर नावाचे एक गाव आहे. समोर दूरवर पसरलेली पुळण, तिच्या कडेने सुरूचे बन आणि आत नारळी-पोफळीच्या दाट वाड्या, असे हे गाव मोठे रमणीय आहे. या गावी एक जुना ताम्रपट सापडला. तो शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० मधील असून, मराठी भाषेतील अत्यंत प्राचीन ताम्रपटांत त्याची गणना होते. श्रीज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच्या सव्वादोनशेहून अधिक वर्षे आधी या लहानशा गावासाठी कोणी तरी तांब्याच्या पत्र्यावर मराठी अक्षरे कोरून ठेविली. कोरणारा गेला, ज्यांच्यासाठी ती कोरली तेही गेले. अक्षरे मात्र राहिली.

परंतु ताम्रपट म्हणजे काही गोष्ट नव्हे. ताम्रपटात शक असतो, तिथी असते, माणसांची नावे असतात. त्या माणसांपैकी कोणाला त्या दिवशी आनंद झाला, कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, कोण मुकाट्याने घरी परतला, हे ताम्रपट सांगत नाही. ते सांगावयास गोष्टच लागते. आणि आपल्या घरात व आपल्या गावात पाहिलेली साधी गोष्ट सांगावी कशी, लिहावी कशी, याचा धडा मराठी मुलांना ज्यांनी दिला, ते शिक्षकही याच कोकणात जन्मास आले. दिवेआगरहून किनाऱ्याने दक्षिणेकडे निघावे, श्रीवर्धन व हरिहरेश्वर मागे टाकून बाणकोटची खाडी ओलांडावी, की रत्नागिरी जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड नावाचे गाव आहे. तेथे २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी या नावाने ओळखतो.

साने यांचे घराणे खोतांचे. एके काळी घरी सुबत्ता होती. परंतु पांडुरंग जाणता होऊ लागला तेव्हा ते दिवस सरले होते. कर्ज वाढले, मानमरातब गेला, आणि कुटुंबाला गरिबीचे चटके बसू लागले. वडील सदाशिवराव स्वभावाने मानी होते, आई यशोदाबाई प्रेमळ व कष्टाळू होत्या. मुलाचे मन घडविले ते मुख्यतः आईने. तिच्यापाशी मोठे पुस्तकी ज्ञान नव्हते. घरातील रोजच्या कामांतून, एखाद्या व्रतातून, पुराणातील एखाद्या कथेतून ती मुलाला चांगले काय आणि वाईट काय हे दाखवीत असे. फुलझाडाच्या कळ्या न उमलताच तोडू नयेत, मुक्या जनावराला दुखवू नये, शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जावे, अशा लहानलहान गोष्टी होत्या त्या. त्या वेळी पांडुरंगाला त्यांचे मोल कितपत कळले असेल कोणास ठाऊक! पण त्याने त्या मनात जपून ठेविल्या.

पालगडला पुढील शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून पांडुरंग दापोलीच्या मिशन शाळेत शिकू लागला. घरची ओढ इतकी अनावर, की कित्येकदा तो दापोलीहून पालगडला पायी येत असे. पुढे दापोलीचा खर्चही घरच्यांना झेपेना. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होते असे कळल्यावरून तो औंधास गेला. तेथेही त्याचे हाल झाले, आणि प्लेगची साथ आल्याने ते गाव सोडणे भाग पडले. अखेर पुण्यास नूतन मराठी विद्यालयात त्याने आपला अभ्यास पुरा केला व १९१८ मध्ये तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. त्याआधीच, १९१७ साली, आई वारली होती. पांडुरंग त्या वेळी शिक्षणासाठी दूर होता. मायलेकरांची शेवटची भेट झाली नाही. ही न झालेली भेट त्याच्या मनात सोळा वर्षे राहिली, आणि पुढे तिच्यातून काय निर्माण झाले ते आपण पाहणारच आहोत.

पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून पदवी घेऊन साने खानदेशातील अमळनेर येथे आले. तेथील तत्त्वज्ञानमंदिरात त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. परंतु ग्रंथांत गढून जाण्यापेक्षा मुलांत राहावे असे त्यांना वाटू लागले, आणि १९२४ च्या जूनमध्ये ते अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले. ही शाळा पुढे प्रताप हायस्कूल या नावाने प्रसिद्ध झाली. शिक्षकाची नोकरी त्यांनी सारी सहा वर्षे केली. सहाच वर्षे! पण आजही लोक त्यांना गुरुजी म्हणतात ते त्या सहा वर्षांमुळे.

मुलांनो, पालगड आणि अमळनेर यांत किती अंतर आहे ते नकाशात पाहा. एकीकडे मुसळधार पाऊस, लाल माती आणि भाताची खाचरे. दुसरीकडे बोरी नदीचा काठ, काळी जमीन, कापूस आणि उन्हाळ्यातील कडक ऊन. शाळेत व छात्रालयात येणारी पुष्कळ मुले आसपासच्या खेड्यांतील होती. त्या भागात घरोघर अहिराणी बोलली जाते. पाठ्यपुस्तकातील मराठी अशा मुलांना अर्धी आपली व अर्धी परकी वाटावी, यात नवल नाही. निबंध लिहावयास सांगितला म्हणजे अशी मुले पुस्तकातील अवघड शब्द गोळा करून आणतात आणि आपल्या मनातले बाजूला ठेवितात. हे केवळ अमळनेरलाच होते असे नाही. सगळ्या गावांतील सगळ्या शाळांत असेच घडते.

शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी सान्यांवर सोपविण्यात आली. त्या छात्रालयात त्यांनी जे केले त्याच्या आठवणी त्यांचे विद्यार्थी म्हातारपणापर्यंत सांगत असत. मुलांचे अस्ताव्यस्त पडलेले कपडे ते निमूटपणे घडी करून ठेवीत. काजळी धरलेल्या कंदिलांच्या काचा पुसून ठेवीत. कोणी आजारी पडले तर रात्रभर त्याच्या उशाशी बसत. मुलांवर ते ओरडत नसत. आपली कामे गुरुजींनी केलेली पाहून मुलेच शरमत व दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः करू लागत.

याच छात्रालयात त्यांनी एक हस्तलिखित दैनिक सुरू केले. त्याचे नाव 'छात्रालय' असेच होते. ना छापखाना, ना खिळे, ना कागदाचे गठ्ठे. गुरुजी स्वतःच्या हाताने अंक लिहून काढीत, आणि तो मुलांना वाचावयास मिळे. थोरामोठ्यांची चरित्रे, देशातील घडामोडी, एखादा सुंदर विचार, कविता, गोष्ट, आणि त्यांच्या जोडीला छात्रालयातील लहानसहान घटना, असे सारे त्यात असे. एक दिवस दैनिक काढणे सोपे आहे. हौसेने आठ दिवसही निघेल. परंतु शाळेचे तास, छात्रालयाची व्यवस्था, आजाऱ्यांची शुश्रूषा हे सारे सांभाळून रोज नवा अंक लिहिणे म्हणजे केवढा खटाटोप!

या दैनिकाने मुलांना जे शिकविले ते व्याकरणाच्या तासाला शिकविता आले नसते. ज्या खोलीत आपण झोपतो, ज्या विहिरीवर आपण आंघोळ करितो, ज्या मित्राशी आपण काल भांडलो, त्या गोष्टीही लिहिण्याजोग्या असतात, हे त्यांना कळले. लिहिणे हे पुण्यामुंबईच्या मोठ्या माणसांचेच काम आहे, असे त्यांना तोवर वाटत असेल. आता लिहिणारा माणूस त्यांच्यातच वावरत होता. १९२८ साली गुरुजींनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही सुरू केले. त्याच काळात कोकणच्या दुसऱ्या टोकाला, शिरोड्याच्या शाळेत, वि. स. खांडेकर हे आणखी एक मोठे कथालेखक शिक्षकाचे काम करीत होते. मराठी कथेतील ही दोन थोर नावे शहरांपासून इतक्या दूरच्या शाळांत घडली, ही गोष्ट खेड्यात शिकणाऱ्या मुलांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला. गुरुजींना वर्गात राहवेना. एप्रिल महिन्यात त्यांनी शाळेचा राजीनामा दिला व ते चळवळीत उतरले. लवकरच त्यांना पकडण्यात आले. प्रथम धुळ्याचा तुरुंग आणि मग दूर दक्षिणेतील त्रिचनापल्लीचा तुरुंग, असा त्यांचा प्रवास झाला. त्रिचनापल्लीस निरनिराळ्या भाषा बोलणारे कैदी एकत्र होते. तेथे गुरुजी तमिळ भाषा शिकले, आणि तिरुक्कुरल या प्राचीन तमिळ ग्रंथाचा त्यांनी मराठीत अनुवाद केला. एका प्रांताच्या माणसाला दुसऱ्या प्रांताची भाषा व तिच्यातील कथा-काव्ये माहीत नसावीत, याचे त्यांना फार वाईट वाटे. आंतरभारतीची कल्पना त्यांनी पुढे मांडली, तिचे बीज या तुरुंगात पडले.

१९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. आचार्य विनोबा भावेही तेथेच होते. दर रविवारी विनोबा कैद्यांपुढे गीतेवर प्रवचन करीत, आणि गुरुजी ते भराभर लिहून घेत. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत अशी अठरा प्रवचने झाली. आज 'गीता प्रवचने' हा ग्रंथ देशातील अनेक भाषांत वाचला जातो. त्यामागे गुरुजींचे ते लिहून घेणारे हात आहेत. दुसऱ्याचे बोलणे इतके मन लावून ऐकणे, त्याचा शब्द व त्याचा सूर न बिघडविता कागदावर उतरविणे, ही लेखकाच्या दृष्टीने केवढी मोठी तालीम! गोष्ट लिहू पाहणारी पुष्कळ मुले बोलण्यास उतावीळ असतात, ऐकण्यास नसतात.

त्यानंतर गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. तेथे ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी आपल्या आईच्या आठवणी लिहावयास घेतल्या. दिवसा तुरुंगातील काम करावे आणि उरलेल्या वेळात लिहावे, असा क्रम चालू झाला. सोळा वर्षे मनात साठलेले सारे एकदम वाहू लागले. अवघ्या पाच दिवसांत, १३ फेब्रुवारीपर्यंत, पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून झाला. हेच ते 'श्यामची आई' हे पुस्तक. ते १९३५ साली प्रसिद्ध झाले.

या पुस्तकाची रचना पाहण्यासारखी आहे. श्याम नावाचा एक तरुण आश्रमात राहतो. सायंकाळची प्रार्थना झाली, की मित्र त्याच्याभोवती जमतात, आणि तो त्यांना आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. एक रात्र, एक गोष्ट. अशा बेचाळीस रात्री. ऐकणारे समोर बसले आहेत ही जाणीव प्रत्येक ओळीत आहे. म्हणूनच वाक्ये छोटी आहेत आणि शब्द घरातले आहेत. कोणी कंटाळून उठून जाऊ नये, शेवटच्या ओळीत बसलेल्यालाही कळावे, याची काळजी सांगणाराला घ्यावी लागते. पुस्तकांसाठी लिहिणारे लेखक ही काळजी अनेकदा विसरतात.

त्यातील एका रात्रीची गोष्ट अळणी भाजीची आहे. घडते ते इतकेच. श्यामची आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील जेवावयास बसतात, भाजी खातात, काही बोलत नाहीत. मुलेही खातात व गप्प राहतात. सर्वांची जेवणे झाल्यावर आई जेवावयास बसते, आणि पहिल्याच घासाला तिला आपली चूक कळते. बस्स, एवढीच गोष्ट! या गोष्टीत राजा नाही, राक्षस नाही, चोर नाही, वादळ नाही. एक चिमूटभर मीठ नाही, म्हणून ही गोष्ट झाली.

आता या गोष्टीकडे जरा बारकाईने पाहा. भाजी अळणी आहे हे वडिलांना पहिल्या घासापासून ठाऊक आहे, मुलांनाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते केवळ एकीला, आणि जिने ती रांधली तिलाच. जिने सकाळपासून चुलीपाशी कष्ट केले तिचे मन दुखवू नये, म्हणून सगळ्यांनी मौन पाळले. त्या मौनात घरातील प्रेम आहे. लेखकाने येथे प्रेमावर व्याख्यान देऊन सुरुवात केली असती, तर वाचणाऱ्याने पान उलटले असते. त्याने आपणांस आधी पाटावर नेऊन बसविले आणि भाजीची चव घ्यावयास लाविली.

असे समजा, की दिवेआगरच्या शाळेत सातवीच्या वर्गाला गोष्ट लिहावयास सांगितली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. घरांची छपरे उडाली, नारळ व पोफळी मुळांपासून उन्मळून पडल्या. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. तेथील मुलांनी हे लहानपणी पाहिले असेल, किंवा घरी ऐकले असेल. साहजिकच वर्गातील पुष्कळ मुले वादळावर लिहितील. समुद्र खवळला, वारा घोंगावू लागला, झाडे कोसळली, हाहाकार उडाला, असे शब्द प्रत्येक वहीत येतील. ते खोटे नाहीत. पण ते सगळ्यांच्या वह्यांत सारखेच असतील, आणि वर्तमानपत्रातही तसेच असतील.

परंतु एखादा मुलगा, किंवा मुलगी, वादळाकडे पाठ फिरवून घरात पाहू लागेल. पोफळ लावली की लगेच फळ देत नाही. तिची पाच-सात वर्षे तरी वाट पाहावी लागते. घरातील आजोबांनी अशी सगळी वाडी आपल्या हातांनी वाढविली होती. वादळानंतर ते कोणाशी काही बोलले नाहीत. पावसाळा गेला. दर वर्षीप्रमाणे वाडीचे शिंपणे सुरू करावयाचा दिवस आला. आजोबा नेहमीसारखे पहाटे उठले, त्यांनी पाटाला पाणी सोडले, आणि ते पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाऊ लागले. आळी सगळी जागच्या जागी होती, झाडे मात्र नव्हती. नातवाने पाहिले, आणि तो काही न बोलता आजोबांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. ही गोष्ट झाली. हिच्यात वादळाचे नाव एकदाच आले तरी पुरे. गुरुजींच्या गोष्टी ज्यांनी मन लावून वाचल्या आहेत, त्यांना अशा गोष्टी आपल्या वाडीत दिसू लागतात.

गुरुजींच्या लेखनाचा आणखी एक विशेष मुलांनी ओळखला पाहिजे. आपण गोष्ट लिहू लागलो म्हणजे स्वतःला शहाणे, शूर व उदार ठरविण्याचा मोह फार होतो. 'श्यामची आई'त श्याम असा नाही. तो भित्रा आहे, हट्टी आहे, कधी कधी चुकार आहे. पोहावयास जावे लागू नये म्हणून तो घरात लपून बसतो. आई त्याला शोधून बाहेर काढते, मारते, आणि विहिरीवर पाठविते. पोहून घरी आल्यावर तीच आई त्याला जवळ घेते, आपल्या हाताने दही देते. श्याम लपला नसता तर ही गोष्ट सांगण्यासारखी उरलीच नसती. मोठेपणी हे सगळे मित्रांपुढे सांगताना त्याने आपला भित्रेपणा झाकला नाही. मला तर वाटते, वाचणाऱ्या मुलांचा श्यामवर विश्वास बसतो तो या ठिकाणी.

टॉलस्टॉय या रशियन लेखकाने कलेवर एक ग्रंथ लिहिला आहे. गुरुजींनी 'कला म्हणजे काय?' या नावाने त्याचे मराठी भाषांतर केले. लेखकाने स्वतः अनुभवलेली भावना वाचकाच्या मनात जागी व्हावी, आणि ती साध्यासुध्या माणसालाही कळावी, असे टॉलस्टॉयचे म्हणणे होते. गुरुजींना ते मनापासून पटले असले पाहिजे, कारण त्यांचे सारे लेखन त्याच वाटेने गेले आहे. त्यांच्या गोष्टींत अश्रू फार, असा आक्षेप काही टीकाकारांनी घेतला. तो अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. पण ज्या गोष्टींत त्यांनी अळणी भाजीसारखा एखादा लहानसा प्रसंग घेतला व तो न ताणता सांगितला, तेथे हा आक्षेप लटका पडतो.

अमळनेरच्या छात्रालयातील दिवसांवरून त्यांनी 'धडपडणारी मुले' ही कादंबरी लिहिली. मुलांसाठी 'गोड गोष्टी' नावाची माला लिहिली, आणि तीत जगातील मोठमोठ्या कादंबऱ्या सोप्या मराठीत आणल्या. इंग्लंडातील जॉर्ज इलियट या लेखिकेने एका एकलकोंड्या विणकराची कथा लिहिली आहे. त्याचे सोने चोरीस जाते, आणि पुढे एक अनाथ मुलगी त्याच्या दाराशी येऊन त्याचे आयुष्य उजळते. गुरुजींनी तिचा 'मनूबाबा' केला. ही निव्वळ नावांची अदलाबदल नव्हती. परदेशातील विणकर मराठी मुलांना आपल्या आळीतला वाटावा, अशा रीतीने त्यांनी तो त्यांच्यापुढे उभा केला.

गुरुजींच्या गोष्टी कागदावरच राहिल्या असत्या, तरी त्यांचे नाव झाले असते. पण तसे व्हावयाचे नव्हते. 'श्यामची आई'त एक प्रसंग आहे. त्या काळी ज्यांना अस्पृश्य मानीत, अशा समाजातील एक म्हातारी मोळी उचलता न आल्यामुळे अडून बसलेली असते. आई श्यामला सांगते, आणि श्याम जाऊन तिला मोळी उचलू लागतो. गावातील लोक काय म्हणतील याची पर्वा ती माउली करीत नाही. हा प्रसंग लिहिणारा माणूस, पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार त्याच समाजाला बंद आहे, हे स्वस्थपणे कसे पाहणार? देश स्वतंत्र होण्याची वेळ जवळ आली होती. गुरुजी कित्येक महिने महाराष्ट्रभर हिंडले, सभा घेतल्या, लोकांची मने वळविण्याचा प्रयत्न केला. अखेर १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरास उपोषण आरंभिले. दिवसामागून दिवस जाऊ लागले, त्यांची प्रकृती खालावली, सारा महाराष्ट्र चिंतेत पडला. दहाव्या दिवशी मंदिर सर्वांसाठी खुले करण्याचे ठरले, आणि उपोषण सुटले. शतकानुशतके उंबरठ्याबाहेरून नमस्कार करणाऱ्या भाविकांना विठ्ठलाचे चरण मोकळे झाले.

देश स्वतंत्र झाल्यावर, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, गुरुजींनी 'साधना' हे साप्ताहिक सुरू केले. त्यात आपल्या लहान पुतणीला, सुधाला, उद्देशून ते पत्रे लिहीत. पाऊस, पाखरे, फुले, भेटलेली माणसे, वाचलेली पुस्तके, देशापुढील प्रश्न, असे वाटेल ते त्या पत्रांत येई. लिहिण्याची रीत मात्र तीच, अमळनेरच्या दैनिकातली: कोणी तरी समोर बसले आहे आणि आपण त्याच्याशी बोलत आहोत. ११ जून १९५० रोजी गुरुजींचे निधन झाले. त्यांचे वय त्या वेळी अवघे पन्नास वर्षांचे होते.

१९५३ साली आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई'वर चित्रपट काढला. उत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक देण्याची प्रथा सुरू झाली, तेव्हा पहिले पदक या मराठी चित्रपटाला मिळाले. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघर येथे गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले आहे, आणि तेथे मुलांची व तरुणांची शिबिरे भरत असतात.

गुरुजींचे निकटचे सहकारी प्रकाशभाई मोहाडीकर यांनी १९५१ साली साने गुरुजी कथामाला सुरू केली. आठवड्यातील एखाद्या दिवशी मुलांना एकत्र बसवावे आणि त्यांना गोष्टी सांगाव्यात, एवढे साधे काम तिने हाती घेतले, आणि गावोगावच्या शिक्षकांनी ते उचलून धरले. कथामालेच्या कथाकथन स्पर्धाही होतात. त्या वेळी सांगणारे आणि ऐकणारे यांची जागा बदलते. एरवी सतरंजीवर बसून ऐकणारी मुले एकेक करून उठतात, पुढे येऊन उभी राहतात, आणि आपापली गोष्ट सांगू लागतात.